बारा गाड्यांची कंबर

३ नोव्हेंबर, सोमवार

काल देवळाच्या अलीकडे जू खाली टेकलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा खेळ. पण त्याला खरी किंमत काय पडली ते आजच मांडून ठेवतो. नाहीतर आठवड्याने माझं मलाच ते स्वस्त वाटायला लागेल.

माझी कंबर – आज मोजे उज्वलाने घातले, आणि घालताना एक शब्द बोलली नाही. म्हणजे बायकोला कळलंय. गावातला रुबाब – फार नाही, एक ओरखडा. आणि राखीचं, माझ्या पुतण्याच्या बायकोचं, घर. जत्रा होईपर्यंत तिने चांदवडला आईकडे राहायचं ठरलं.

पहिल्या दोन गोष्टी माझ्या गेल्या. तिसरी त्या पोरीची.

झालं असं. तुळशीच्या लग्नाला पहिल्या गाडीचं जू घरातून खांद्यावर घ्यायचं आणि खंडोबाच्या देवळात नेऊन ठेवायचं. वाटेत मातीला लागू द्यायचं नाही. आमच्या घराण्याची रीत. जू नेतो तोच चंपाषष्ठीला बारा गाड्या ओढतो. मी नाशकाहून गाडी चालवत गेलो, उतरलो, पाणीसुद्धा न पिता जू उचललं. पारापाशी कंबरेत कुणी कुलूप घालावं तसं झालं. दुखलं म्हणता येत नाही. अडकलं! वाकलो तो वाकलोच, आणि जू मातीला लागलं.

हलगीसुद्धा थांबली. त्या शांततेत गोजरा आत्याचा आवाज – "आडवी गेली ना ती! दिप्याची बायको! म्हनून टेकलं!"

सगळ्यांनी राखीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

आत्या, माझी कंबर धरली – एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

उज्वला – "अहो, कपाटाला टेकून पेपर वाचायची सवय कधीपासून?"

म्हटलं, इथे उजेड चांगला येतो. उजेड कुठला! कपाट न्हाणीघराच्या भिंतीला आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

खरं तर गणपतीपासूनच हे चालू आहे. सकाळी उठलं की कंबर लाकडासारखी. चाललं की सुटते. गाडीत बसलं की परत जखडते. रोज सकाळी पांडवलेणी चढतो, रविवारी सायकलवर त्र्यंबक. ग्रुपमधली तिशीतली पोरं मागे धापा टाकत असतात. "धोंडीरामशेठ, काय खाता हो?" विचारतात. मी सांगतो – कष्ट! फुटपाथवर बसून पुठ्ठ्याच्या पेट्यांना पिना मारल्यात मी. आज अर्ध्या दिंडोरी तालुक्याची द्राक्षं माझ्या पेट्यांत जातात.

मग अशा माणसाची कंबर जखडते कशी? म्हणून जितकी जखडेल तितका जास्त चढत गेलो. तेल चोळून झालं, पट्टा बांधून झाला, तो थंड फवारा मारून झाला. गरम पाण्याची पिशवी ऑफिसात खुर्चीमागे लपवून ठेवली. कामगारांना वाटतं उशी आहे.

कुणाला सांगितलं नाही. ओढणाऱ्याची कंबर धरली की गावात एकच अर्थ – पाळणूक चुकली. देव रागावला. मग घरातलं कोण चुकलं याचा शोध सुरू. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर गप्प बसलो. आणि गप्प बसल्यामुळे तोच शोध राखीपाशी जाऊन थांबला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उज्वलाने कॉलेज रोडच्या फिजिओथेरपिस्टकडे नंबर लावला. मला न विचारता. रोशनी मॅडम. आमच्या लेकीएवढ्याच, अंजलीएवढ्याच असतील. शाळेतल्या पोराला वाकायला लावतात तसं वाकायला लावलं. गुडघ्यापर्यंतच हात गेले. मला वाटलं होतं अंगठे धरीन!

"काका, दिवसभर काय करता?"

म्हटलं, पांडवलेणी, सायकल, सूर्यनमस्कार.

"तो झाला एक तास. उरलेला दिवस?"

खुर्ची. गाडी. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, परत ऑफिस. सांगताना माझं मलाच ऐकू आलं.

एक्स-रेच्या फोटोत मणके ठीक आहेत म्हणाल्या. नस दबलेली नाही. स्नायू आखडलेत. "बसून बसून मांड्यांचे पुढचे स्नायू आखूड झालेत, मागचे झोपलेत. सगळं काम कंबर करते. ती बिचारी घाबरून घट्ट धरून ठेवते. आणि तुम्ही तिला आणखी चढवता."

मला हे काही पटलं नाही. बसण्याने? माझ्यासारख्याची कंबर बसण्याने जाईल? मी सांगून टाकलं – मॅडम, मी बारा गाड्या ओढतो. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या, एकीमागे एक बांधलेल्या, प्रत्येकीत माणसं खच्चून. कमरेला दोर, आणि पुढे मी एकटा. दोर असा ताणतो की बोटाने वाजवावा! गेली सतरा वर्षं.

त्या लिहायच्या थांबल्या. "मागून कुणी ढकलत नाही?"

"देव," मी म्हणालो.

हसल्या नाहीत. "यंदा ओढायचं नाही, काका."

"छे! यंदा पुतण्या ओढणार आहे." सहज बोलून गेलो. धंद्यात अशी वाक्यं तोंडात तयारच असतात.

९ नोव्हेंबर, रविवार

गावी गेलो. पेट्यांची ऑर्डर हे निमित्त. खरं काय चाललंय ते ऐकायचं होतं. धंदा मी कानांनीच उभा केला. टपरीवर पाठ करून बसायचं, चहा गार होऊ द्यायचा. शेतकरी कुठल्या पेटीच्या तळाला शिव्या देतात ते कळतं. आज ऐकलं ते वेगळंच.

"धोंडीरामशेठचं जू टेकलं म्हंजे लयच झालं."

"शेठचा काय दोष! सून आडवी गेली म्हनं. चांदवडला धाडली."

"धाडली का निघून गेली?"

"आता काय, धाडली म्हना नायतर गेली म्हना."

शेठचा काय दोष! गार चहा एका घोटात प्यायलो.

मळ्यात दीपक भेटला. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून द्राक्षबाग तोच बघतो. गाड्या ओढताना माझ्या उजव्या बगलेत हात घालून धरणारा तोच, गेली कितीतरी वर्षं. वेलीची काडी हातात फिरवत म्हणाला, "नाना, एक बोलू का? रागावू नका. यंदा दोर मी घेतो."

"का रे?"

"तुमची कंबर मला हाताला कळते. मागच्या वर्षी निम्म्या वाटेत तुम्ही माझ्या हातावरच होतात."

पोरगं माझ्या काळजीने बोलत होतं. ते मला कळत होतं. आणि तरी तोंडातून काय निघावं – "आधी तुझ्या घरात नीट पाळा. मग दोराचं बघू."

काडी मोडली त्याने. पंप सुरू करायला गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

कालचं शेवटचं वाक्य परत वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडून काय होणार? ते त्याच्या कानात आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्यायाम चालू. पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी, मग दुसरा. मांडी घालून नाही – खुर्चीवर एक पाय मागे ठेवून मांडीचा पुढचा भाग ताणायचा. मांजर पाठ करते तशी पाठ वर, मग खाली. ताकद लावायची नाही, हे सगळ्यात अवघड! "काका, श्वास रोखू नका. कुस्ती नाहीये." दर थोड्या वेळाने खुर्चीतून उठायचं. गाडी मध्ये थांबवून चार पावलं चालायचं. लेणी महिनाभर बंद. गोदाकाठी सपाटीवर चाला म्हणाल्या.

चाललो. ग्रुपचं कुणी दिसेल म्हणून टोपी खाली ओढून.

मॅडमना जुवाचं सांगितलं होतं. त्यांनी सहज विचारलं, "जू टेकलं तेव्हा तुम्ही पडला नाहीत ना? कुणी धरलं?"

"पुतण्याच्या बायकोने."

बोलून गेलो आणि मलाच ऐकू आलं. हे मी इथे लिहिलेलंच नाही. पहिल्या दिवशी 'आडवी गेली' एवढंच लिहिलं, आत्याचे शब्द. मी माझ्याच पानाला फसवत होतो की काय?

तर खरं असं. राखी बायकांच्या घोळक्यात उभी होती, आरतीचं ताट घेऊन. माझी कंबर अडकताना तिने पाहिलं. कुणाच्याही आधी. ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि धावली. तिचा हात माझ्या कोपराला लागला तेव्हा जू आधीच मातीला लागलं होतं. ती आडवी गेली नाही. मला धरायला आली.

मी पडलो नाही तो तिच्यामुळे. देवळासमोर तोंडावर आपटलो असतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चांदवडला फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. राखीनेच उचलला.

"नाना? कंबर कशी आहे?"

पहिलं वाक्य!

आणि मी – "कंबरेला काय झालंय?"

पलीकडून, "काही नाही. बरं." मागे तिची आई विचारत होती, कोण गं? राखी म्हणाली, "कुणी नाही."

१६ नोव्हेंबर, रविवार

कुणी नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहायला लाज वाटते, पण कंबर सुटत चाललीये. आज मोजे मी घातले. उज्वलाने टाळ्या वाजवल्या, वात्रटपणाने. आठवडाभरात एवढा फरक! म्हणजे मॅडमचं बरोबर होतं. खुर्चीच.

आणि लगेच डोक्यात आलं – आता कंबर सुटली, तर सांगायची गरज काय? चंपाषष्ठीला गाड्या ओढीन, सगळं विसरलं जाईल, राखी परत येईल. सगळं नीट जुळतंय. माल खराब असला की माझी बोलणी अशीच छान जुळतात, म्हणून भीती वाटते.

दुपारी उज्वला भाजी निवडत म्हणाली, "तिच्या आईला शेजारपाजारचे काय विचारत असतील हो?"

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येईलच ना.

"दीपकचा फोन होता मला. ती म्हणते, जत्रा झाली तरी येणार नाही." भाजी तशीच निवडत राहिली. "म्हणते, आडवी जाणारी बाई आता कायमची बाजूलाच बरी."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! मी मोजे घालते."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. गावी.

आज हळद लागली. आजपासून जत्रेपर्यंत देवळातच मुक्काम, पायात काही नाही, गावाची वेस ओलांडायची नाही. हळद लागायच्या आधी सांगायचं असं येताना पूर्ण ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार. पाटावर बसलो, सगळं गाव समोर, आत्याने वाटीत बोटं बुडवली आणि कपाळाला लावता लावता म्हणाली, "धोंड्या, तू माझ्या भावाचं नाव राखलं बघ."

वाक्य गिळलं. हळद गार होती.

नंतर ओट्यावर आत्या कुणाला तरी सांगत होती – "आता बघा गाड्या कशा पळत्यात. अडसर गेला ना." माझी पाठ तिच्याकडे होती. कान कुठे ठेवू?

दीपक समोरून गेला. कंदील भरायला. मला ओलांडून गेल्यासारखा.

२३ नोव्हेंबर, रविवार

वेस ओलांडली!

सकाळी देवळामागून निघालो, गाडीत बसलो आणि वणीवरून चांदवड गाठलं. हळद कपाळाला तशीच, पाय अनवाणी. पेट्रोल पंपावरचा माणूस बघतच राहिला. मध्ये दोनदा थांबून चाललो – मॅडमनी सांगितलंय म्हणून, आणि धीर होत नव्हता म्हणूनही.

राखीची आई दारातच. आत या म्हणाली नाही. राखी पलीकडच्या शेडमधून आली. कांद्याची रोपं उपटून जुड्या बांधत होती, हात मातीने भरलेले.

"नाना! हळद लागलीये ना तुम्हाला? वेस –"

"ओलांडली."

तिने हात पुसले नाहीत. उभी राहिली.

म्हटलं, "तू मला धरायला आली होतीस."

"हो."

"मला माहीत आहे."

"मला पण माहीत आहे, नाना. मग हे सांगायला इतक्या लांब कशाला आलात?"

 मी तिच्या हातांवरची माती बघत होतो.

"मला नका सांगू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. हे पण बघत होते. ह्यांनी पण खरं मानलं." 'हे' म्हणजे दीपक. "मी ह्यांना किती सांगितलं की नानांची कंबर धरली. हे म्हणाले, नाना बोलले असते."

नाना बोलले असते!

"म्हणून आले मी इकडे. आत्याबाईंमुळे नाही."

तिच्या आईने चहा आणला. उभ्याने प्यायलो. बसलो असतो तर उठता आलं नसतं – कंबरेने परत धरलं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कुणालाच कळलं नाही की मी वेस ओलांडली. कळणारही नाही. आत्या मला दूध देऊन गेली. प्यायलो.

उद्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं.

आरती झाली, सगळे होते. मी उभा राहिलो. मोठ्या आवाजात म्हणालो – नाहीतर पुढच्या दोघांनाच सांगून सुटलो असतो – "तुळशीच्या लग्नाला जू टेकलं ते माझ्या कंबरेमुळे. गणपतीपासून धरलीये. राखी आडवी गेली नाही, मला धरायला आली. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

आत्या, भिंतीला टेकलेली – "कंबर? मेल्या, मग तेव्हाच बोलायचं ना! मी काय पंचांग घेऊन बसलेय?"

"तू बोललीस म्हणून मी नाही बोललो."

"मी तर लय बोलते! समदं ऐकतोस का माझं?"

मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं होतं गाव फाटेल. हसले! एक जण म्हणाला, "शेठ, माझी पण धरते. फवारणी झाली की दोन दिवस." दुसरा म्हणाला, माझ्या बापाची पण. एवढ्या कंबरा धरल्या होत्या गावात, आणि मी एकटाच पिशवी लपवत होतो.

पण दीपक हसला नाही. कोपऱ्यात उभा होता. बायकोने सांगितलेलं त्याने मानलं नव्हतं, माझ्यामुळे. माझ्याकडे बघत राहिला आणि मला वाटतं त्या वेळी त्याला माझ्यापेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटत असावी. हेही मीच केलं.

पुढचंही सांगून टाकलं – परवा वेस ओलांडली, चांदवडला गेलो होतो. त्यावर मात्र कुजबुज झाली. म्हणजे दोर मला नाहीच. आत्या म्हणाली, "दिप्या, तू घे." दीपक म्हणाला, "आधी फोन करतो." बाहेर गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा डोळे पुसलेले. "येते म्हणाली. बघायला. राहायला नाही, एवढ्यात." मग पाटावर बसला. हळद लागली.

मी जवळ गेलो. म्हटलं, मळ्यात जे बोललो ते –

"राहू द्या, नाना." एवढंच. माफ केलं असं त्यात काही नव्हतं.

तरुण पोरांनी ठरवून टाकलंय – "कंबरवाल्या शेठला पहिल्या गाडीत बसवा! पाठीला उशी द्या!" बसतो. दुसरं काय करणार?

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी.

राखी आली. आईबरोबर, सकाळच्या एसटीने. मला नमस्कार केला नाही. बरोबर आहे. दीपकच्या कपाळाची हळद फिसकटली होती, ती तिने पदराने नीट केली.

मी पहिल्या गाडीत, जुवाच्या अगदी मागे. या जागेवर जन्मात कधी बसलो नव्हतो. दर वेळी पाठ इकडे, तोंड देवळाकडे. भंडारा उधळला, येळकोट झाला. सगळ्या गाड्यांच्या चाकांना दोन्ही बाजूंनी माणसं ढकलायला भिडली, शेवटच्या गाडीला बायका – आत्यासुद्धा! – आणि गाड्या धडाडत निघाल्या. दीपक पुढे जीव घेऊन पळत होता, गाडी अंगावर येऊ नये म्हणून.

पारापासून देवळापर्यंत दोर सैल होता.